बातमीही तोलून घ्यावी

दिवाळीच्या सुमारास वाशीम जिल्ह्यातील बाजार समित्यांची आवारे सोयाबीनने भरून जातात. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा आणि कारंजा ह्या सहाही तालुक्यांतील शेतकरी आपला माल घेऊन बाजाराची वाट धरतात. घरून निघण्यापूर्वी प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न असतो, 'आज भाव काय?' परंतु भाव कानावर आला म्हणून शहाणा शेतकरी लगेच माल गाडीत भरीत नाही. हा भाव कोणत्या बाजाराचा, कोणत्या दिवसाचा आणि कोणत्या मालाचा, हे तो आधी विचारतो. बाजाराच्या दरपत्रकात किमान, कमाल आणि सरासरी असे तीन दर दिलेले असतात. कमाल दर एखाद्याच वाळलेल्या, स्वच्छ व टपोऱ्या मालाला मिळतो. त्या एका आकड्यावर विसंबून जो घरखर्चाचा हिशेब मांडतो, तो फसतो. म्हणून शेतकरी सरासरी दर पाहतो, दाण्यातील ओलावा मोजून घेतो आणि आपल्या डोळ्यांदेखत माल काट्यावर तोलून घेतो.

सायंकाळी तोच शेतकरी घरी वर्तमानपत्र उघडतो, किंवा दूरचित्रवाणीवरील बातम्या लावतो. व्हिडिओ गेममुळे एखाद्या मुलाचा घात झाला, अशा अर्थाचा मोठा मथळा त्याच्या दृष्टीस पडतो. ह्या वेळी मात्र तो काही विचारीत नाही. गेम कोणता, मूल किती वेळ खेळत होते, असे कोण म्हणतो, त्यास पुरावा काय, ह्यांपैकी एकही प्रश्न त्याच्या मनात येत नाही. तो घाबरतो आणि मुलाच्या हातातील मोबाइल काढून घेतो. त्याची माया खरी असते, भीतीही खरी असते. परंतु भाव तोलून घेणाऱ्या माणसाने बातमी मात्र न तोलताच घेतलेली असते.

ह्या चुकीचे मूळ पुष्कळदा बातमीतच असते. 'गेम' हा शब्द वर्तमानपत्रे फार सैलपणे वापरतात. पडद्यावर खेळावयाचे खेळ काही एकाच जातीचे नाहीत. १९६२ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेतील तरुणांनी संगणकावर अवकाशयानांच्या लढाईचा खेळ तयार केला. १९८४ मध्ये मॉस्को येथील अलेक्सेई पाझित्नोव्ह ह्यांनी वरून पडणारे ठोकळे नीट रचण्याचा 'टेट्रिस' हा खेळ रचला. त्यानंतर शर्यतीचे, कोड्यांचे, नगरे वसविण्याचे, लढाईचे आणि क्रिकेटचे असे अगणित खेळ निघाले. पैसे लावून खेळावयाचे पत्तेही मोबाइलवर आले. ह्या सर्वांना एकच नाव देऊन त्यांच्यावर एकच दोष ठेवणे कितपत योग्य? 'पिकावर कीड पडली आहे' एवढेच सांगून एखादा कृषी अधिकारी निघून गेला, तर शेतकऱ्याने औषध तुरीवर फवारावे, हरभऱ्यावर फवारावे की कपाशीवर? बातमीत खेळाचे नाव व स्वरूप नसेल, तर वाचणाऱ्याची तशीच स्थिती होते.

अशा अर्धवट बातमीने केवढा गोंधळ उडतो, ह्याचे ठळक उदाहरण २०१७ मध्ये साऱ्या देशाने पाहिले. त्या वर्षी जुलैच्या अखेरीस मुंबईत चौदा वर्षांच्या एका शाळकरी मुलाचा दुर्दैवी मृत्यू झाला. थोड्याच दिवसांत त्या मृत्यूचा संबंध 'ब्लू व्हेल' म्हणजे 'निळा देवमासा' ह्या नावाशी जोडला जाऊ लागला. हे नाव रशियातून आले होते. तेथील 'नोवाया गझेता' ह्या वृत्तपत्राने मे २०१६ मध्ये एक लेख छापून, इंटरनेटवरील काही गटांचा अनेक मुलांच्या मृत्यूंशी संबंध असल्याचे म्हटले होते. मुलांना चिथावणी देणारी काही दुष्ट माणसे तेथे खरोखर होती, आणि त्यांपैकी एका तरुणास २०१७ मध्ये शिक्षाही झाली. परंतु लेखातील मोठ्या संख्येस पुरावा मिळाला नाही. तरीही ती गोष्ट एका देशातून दुसऱ्या देशात गेली, आणि जाताना वाढत गेली. पन्नास दिवस चालणारा, पन्नास कामगिऱ्यांचा एक भयंकर खेळ मुलांच्या मोबाइलमध्ये शिरतो, असे तिचे रूप झाले.

ऑगस्ट २०१७ मध्ये ह्या नावाने भारतातील वर्तमानपत्रांचे रकाने भरले. दूरचित्रवाणीवर निळ्या माशाची चित्रे दिसू लागली. अनेक ठिकाणच्या मुलांच्या दुर्घटना ह्या एकाच नावाखाली मांडल्या गेल्या. त्याच महिन्यात केंद्र सरकारने मोठमोठ्या इंटरनेट कंपन्यांना ह्या खेळाचे दुवे काढून टाकण्यास सांगितले. परंतु काढून टाकावयाचे काय, हाच प्रश्न होता. ज्यास व्हिडिओ गेम म्हणतात, त्यास एक निर्माता असतो, पडद्यावर चालणारी चित्रे असतात, नियम असतात, गुण असतात. येथे ह्यांपैकी काहीच सापडत नव्हते. हा खेळ ऍपच्या स्वरूपात नसल्यामुळे तो ओळखून बंद करणे फार कठीण आहे, असे सरकारला नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगावे लागले.

ह्या प्रकरणांचा छडा लावण्याकरिता एक समिती नेमण्यात आली होती. तिने मुलांचा इंटरनेटचा वापर, त्यांची उपकरणे, दूरध्वनीच्या नोंदी, सामाजिक माध्यमांवरील व्यवहार आणि न्यायवैद्यक पुरावे तपासले. जी मुले वाचली होती, त्यांच्याशीही बोलणे केले. तपासाचा निष्कर्ष तत्कालीन केंद्रीय गृह राज्यमंत्री हंसराज अहीर ह्यांनी २ जानेवारी २०१८ रोजी लोकसभेस लेखी उत्तराने कळविला. अहीर हे विदर्भातीलच चंद्रपूरचे खासदार होते. ह्यांपैकी एकाही घटनेत 'ब्लू व्हेल' खेळाचा हात असल्याचे सिद्ध होऊ शकले नाही, असे त्या उत्तरात होते. भीतीची बातमी घरोघर पोचली होती. हे उत्तर मात्र आज फार थोड्यांच्या स्मरणात आहे.

ह्यात नुकसान कोणाचे झाले? खेळांची बदनामी झाली, हे नुकसान लहान आहे. मोठे नुकसान झाले ते दुःखी मुलांचे. एखादे मूल एकाएकी गप्प होते, जेवत नाही, मित्रांत मिसळत नाही, तेव्हा त्यामागे अनेक कारणे असू शकतात. घरातील भांडणे, अभ्यासाचे ओझे, कोणी दिलेला त्रास, एकटेपणा किंवा मनाचा आजार ह्यांपैकी काहीही असेल. अशा वेळी वडीलधाऱ्यांनी मुलाजवळ बसून 'बाळा, तुला काय होते आहे?' असे विचारावयास पाहिजे. साऱ्या दुःखाचे कारण मोबाइलमधील एक मासा आहे, असे एकदा ठरले, की हा प्रश्न विचारावयाचाच राहून जातो. मोबाइल कपाटात बंद होतो आणि मुलाचे दुःख मुलापाशीच राहते. ज्या मुलास असे दुःख असेल, त्याने ते आईवडील, शिक्षक किंवा ज्याच्यावर विश्वास आहे अशा मोठ्या माणसास अवश्य सांगावे. मुलांच्या साहाय्याकरिता १०९८ हा दूरध्वनी क्रमांकही आहे.

'ब्लू व्हेल'ची भीती ओसरते न ओसरते तोच २०१८ मध्ये 'मोमो' आली. मोठे डोळे, ताणलेले तोंड आणि पक्ष्याचे पाय असलेल्या एका स्त्रीचे भेसूर चित्र सर्वत्र फिरू लागले. ही मुलांना धमकावून भयंकर कृत्ये करावयास लावते, अशा बातम्या पसरल्या. वस्तुतः ते चित्र एका पुतळ्याचे होते. जपानमधील केइसुके आइसो ह्या कलावंताने २०१६ मध्ये तो पुतळा घडविला होता, आणि टोकियोतील एका प्रदर्शनात तो मांडला होता. त्याचा व्हिडिओ गेमशी काही संबंध नव्हता. पुतळा रबराचा असल्यामुळे पुढे कुजला आणि कलावंताने तो टाकून दिला. पुतळा नाहीसा झाला, तरी त्याच्या नावाची भीती देशोदेशी फिरतच राहिली. चित्र खरे असले म्हणजे त्याखाली लिहिलेला मजकूरही खरा असतो, असे नाही. एवढा धडा ह्या प्रकरणातून घ्यावयाचा.

कधी कधी घडलेली गोष्ट खरी असते, परंतु तिचे कारण चुकीचे सांगितले जाते. 'पब्जी' हा शंभर खेळाडूंच्या झुंजीचा खेळ २०१८ मध्ये मोबाइलवर आला आणि शहरांतून खेड्यापाड्यांत पोचला. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ऍपवर बंदी घातली, त्यांत हा खेळही होता. मुले बिघडतात म्हणून सरकारने पब्जी बंद केला, अशी पुष्कळांची समजूत झाली. सरकारने दिलेले कारण अगदी निराळे होते. नागरिकांची माहिती परवानगीवाचून देशाबाहेर नेली जाते, अशा तक्रारी आल्या होत्या. त्यामुळे देशाची सार्वभौमता, संरक्षण आणि सार्वजनिक सुव्यवस्था ह्यांस धोका पोचतो, असे त्या आदेशात म्हटले होते. २०२१ मध्ये तोच खेळ भारताकरिता वेगळ्या नावाने पुन्हा सुरू झाला. मूळ कारण ज्यांनी वाचले नव्हते, त्यांना ह्याचा उलगडा होणे कठीणच होते.

नव्या करमणुकीकडे संशयाने पाहण्याची ही रीत आजची नाही. दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट तयार करीत होते, तेव्हा राणी तारामतीच्या भूमिकेकरिता त्यांना एकही स्त्री मिळेना. चित्रपटात काम करणे कुलीन माणसास शोभत नाही, अशी त्या काळची समजूत होती. अखेर अण्णा साळुंके ह्या पुरुषास ती भूमिका करावी लागली. १९१३ मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला, आणि आज चित्रपटक्षेत्रातील देशाचा सर्वोच्च पुरस्कार फाळके ह्यांच्याच नावाने दिला जातो.

अमेरिकेत १९५४ मध्ये चित्रकथांच्या पुस्तकांवर असाच रोष ओढवला. फ्रेडरिक वर्थम ह्या मनोविकारतज्ज्ञाने, चित्रकथा वाचून मुले गुन्हेगार बनतात, असे सांगणारा ग्रंथ लिहिला. वर्तमानपत्रांनी त्यास मोठी प्रसिद्धी दिली, तेथील संसदेतही चौकशी झाली, आणि प्रकाशकांनी स्वतःवर कडक नियम घालून घेतले. पुढे सुमारे साठ वर्षांनी कॅरोल टिली ह्या संशोधिकेने वर्थम ह्यांची मूळ कागदपत्रे तपासली. तेव्हा त्यांनी मुलांच्या बोलण्यात अनेक ठिकाणी फेरफार केल्याचे आढळून आले. दरम्यान मुलांच्या दोन पिढ्या मोठ्या होऊन गेल्या होत्या.

म्हणजे सारे खेळ निर्दोष आहेत आणि वडीलधाऱ्यांची काळजी व्यर्थ आहे, असा अर्थ कोणी काढू नये. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या अनावर नादास आजार म्हणून मान्यता दिली असून, तिची ती नवी सूची १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. खेळावर ताबा न राहणे, इतर सर्व कामांपेक्षा खेळासच महत्त्व देणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, ही त्या आजाराची लक्षणे होत. ती साधारणतः वर्षभर दिसावी लागतात. खेळणाऱ्यांपैकी थोड्याच लोकांना हा आजार होतो, असेही त्याच संघटनेने सांगितले आहे. बातमीत आजाराचे नाव येते, आणि 'थोड्याच लोकांना' हे शब्द गळून पडतात. मग कमाल दर हाच सरासरी दर ठरतो!

पैसे लावून खेळण्याचा धोका तर याहून वेगळा आहे. त्यात घरेदारे बुडतात. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या ऑनलाइन खेळांविषयीच्या कायद्यात हा भेद स्पष्ट केला आहे. स्पर्धेचे खेळ, करमणुकीचे व शिक्षणाचे खेळ, आणि पैशाचे खेळ असे वर्ग करून त्यांपैकी पैशाच्या खेळांवर त्या कायद्याने बंदी घातली. कायदा जो भेद करतो, तो बातमीनेही करावयास नको काय?

स्तुतीच्या बातम्याही अशाच तोलून घ्यावयाच्या असतात. २००७ मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात ३३ शल्यचिकित्सकांची पाहणी झाली. ज्यांनी पूर्वी आठवड्यातून तीन तासांहून अधिक वेळ व्हिडिओ गेम खेळले होते, त्यांच्या हातून दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सरावात ३७ टक्के कमी चुका झाल्या. ही बातमी वाचून एखादा मुलगा म्हणेल, 'मी खेळतो, म्हणजे मी डॉक्टर होणार!' परंतु पाहणी केवळ ३३ जणांची होती. शिवाय खेळामुळे त्यांचे हात चपळ झाले, की मुळात चपळ हातांच्या लोकांनाच खेळ आवडला, हे तेवढ्यावरून ठरत नाही. आपल्याला आवडणारी बातमी तोलताना काट्यास बोट लावू नये.

वर्तमानपत्रे अशी चूक का करतात? बहुधा त्यात दुष्टपणा नसतो. बातमी त्वरेने द्यावयाची असते, आणि मथळ्यास जागा चार शब्दांची असते. पोलिसांनी 'संशय आहे' असे म्हटलेले असते. मथळ्यातून 'संशय' हा शब्द उडतो. लिहिणाऱ्याने तो खेळ स्वतः कधी पाहिलेला नसतो, आणि खेळणाऱ्या मुलांना कोणी काही विचारीत नाही. भीतीची बातमी लोक आवडीने वाचतात, म्हणून ती पुन्हा पुन्हा दाखविली जाते. अशा रीतीने एका घाईतून दुसरी घाई जन्मास येते.

ह्याचा एक परिणाम वर्तमानपत्रांनाच भोगावा लागतो. मुले जो खेळ रोज खेळतात, त्याविषयी भलतेच छापून आले, तर चूक त्यांना चटकन ओळखू येते. मग ती म्हणतात, 'पेपरात काहीही छापतात.' पुढे पैशाच्या खेळाविषयी किंवा इंटरनेटवरील अनोळखी माणसाविषयी खरा इशारा छापून येतो, तेव्हा त्यावरही त्यांचा विश्वास बसत नाही. 'लांडगा आला' म्हणून उगाच ओरडणाऱ्या गुराख्याची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. त्या गोष्टीत लांडगा अखेरीस खरोखरच आला होता, हे विसरून चालणार नाही.

तेव्हा मुलांनी बातमीस हसून मोकळे होऊ नये. जे ठाऊक आहे, ते घरातील मोठ्या माणसांना शांतपणे दाखवावे: हा खेळ असा असतो, ह्यात हे करावयाचे असते, मी इतका वेळ खेळतो. खेळ तासांवर तास चालत असेल, तर तेही न लपविता सांगावे. बातमीत चूक दिसली, तर संपादकांस पत्र लिहावे. कोणते वाक्य चुकले आणि खरे काय आहे, एवढेच त्यात सभ्य शब्दांत मांडावे. वडीलधाऱ्यांनीही मुलांच्या शेजारी घटकाभर बसून तो खेळ एकदा पाहावा. न पाहिलेल्या वस्तूची भीती नेहमीच मोठी असते.

मराठीतील पहिले वृत्तपत्र बाळशास्त्री जांभेकर ह्यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत काढले आणि त्याचे नाव 'दर्पण' असे ठेवले. आरशाचे काम जे समोर आहे ते दाखविण्याचे. आरसा वाकडा असला, तर चांगला चेहराही त्यात भेसूर दिसतो. आरसा सरळ ठेवण्याचे काम बातमी लिहिणाऱ्यांचे आहे. परंतु तो वाकडा झाला आहे हे ओळखून सांगण्याचे काम वाचणाऱ्यांचेही आहे, मग त्यांचे वय बारा वर्षांचे का असेना.

स्वाध्याय

१. बाजारातील कमाल दर आणि सरासरी दर ह्यांत काय फरक आहे? पाठात ह्या फरकाचा उपयोग कशाकरिता केला आहे?

२. २ जानेवारी २०१८ रोजी लोकसभेस कोणता निष्कर्ष कळविण्यात आला? त्यापूर्वी समितीने काय काय तपासले होते?

३. कारणे सांगा: (अ) 'ब्लू व्हेल' बंद करणे कठीण होते. (आ) ३३ शल्यचिकित्सकांच्या पाहणीवरून मोठा निष्कर्ष काढणे योग्य नाही.

४. 'चुकीच्या बातमीचे मोठे नुकसान दुःखी मुलांचे होते.' हे विधान आठ-दहा ओळींत स्पष्ट करा.

५. वर्तमानपत्रातील एक बातमी निवडा. कोणी सांगितले, कोठे घडले, केव्हा घडले आणि पुरावा काय, ह्या चार प्रश्नांची उत्तरे तीत मिळतात का, ते पाहून वहीत लिहा.